अर्धा दिवस पठारावर, अर्धा दिवस कॅरमवर

मा. संपादक महोदय,
स.न.वि.वि.

गणपती उठले की साताऱ्यात दोन गोष्टी एकदमच सुरू होतात. कासच्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागते आणि घराघरांत पाहुणे उतरतात. पाहुण्यांचे मागणे ठरलेले असते, 'कास दाखवा.' मग रविवारी नऊ-साडेनऊला कसेबसे आवरून निघायचे, यवतेश्वराच्या घाटात ताटकळायचे, पठारावर भर दुपारी तासभर फोटो काढायचे, परतीला पुन्हा तीच रांग, आणि दिवेलागणीला सगळे आंबून घरी. जेवताना कोणाच्या तोंडून शब्द फुटत नाही. सकाळी पाहुणे गाडीत बसतात तेव्हा निम्म्या गप्पा राहूनच गेलेल्या असतात.

या पत्रातले म्हणणे एवढेच आहे की साताऱ्यात राहणाऱ्याने फिरणे अर्ध्या दिवसात बसवावे आणि उरलेला अर्धा दिवस घरी घालवावा. डोंगर, गड, धबधबे, विहिरी सगळे तासाभराच्या टप्प्यात असताना दिवसभर रस्त्यावर राहण्याचे कारण नाही. मात्र घरच्या अर्ध्या दिवसाची तयारीही बाहेरच्याइतकीच नेटाने करावी लागते. ती केली नाही, तर चार माणसे चार कोपऱ्यांत मोबाइल घेऊन बसतात आणि 'त्यापेक्षा बाहेर राहिलो असतो तर बरे' असे सगळ्यांनाच वाटते.

आधी कासचेच घेऊ. पठार साताऱ्यापासून पंचविसेक किलोमीटरवर, समुद्रसपाटीपासून सुमारे 1200 मीटर उंचीवर आहे. 2012 साली पश्चिम घाट जागतिक वारसा ठरला, त्यात कास आले आणि गर्दीला भरते आले. हंगामात दिवसाला 3000 पर्यटकांची मर्यादा घातली ती त्यामुळेच. ऑनलाइन नोंदणी आधी करावी, आणि रविवारी तर नोंदणीशिवाय घरातून पाऊलच टाकू नये. पाहुण्यांना शक्य असेल तर मंगळवार-बुधवारचा दिवस धरावा. तेच पठार, तीच फुले, पण वाऱ्याचा आवाज ऐकू येतो.

घरातून सव्वासहाला निघावे. सव्वासातच्या सुमारास वर पोहोचता येते. पहाटेच्या काळोखात निघून फायदा नाही, कारण त्या वेळी पठारावर बहुधा धुके असते आणि धुक्यात दहा पावलांपुढचे फूल दिसत नाही. आठ ते दहा ही खरी वेळ. ऊन तिरपे असते, पाकळ्यांवर थेंब असतात, वारा फार सुटलेला नसतो. दहानंतर परत फिरावे म्हणजे वर येणारी रांग समोरून दिसते, तिच्यात अडकावे लागत नाही. साडेअकराला घरी.

फुलांचा गालिचा ठरलेल्या तारखेला अंथरला जात नाही, हे पाहुण्यांना आधीच सांगून ठेवावे. ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा हा साधारण हंगाम. पण पाऊस सलग लागून राहिला तर बहर लांबतो. सर आणि ऊन आलटून पालटून मिळाले तर चांगला उठतो. शिवाय सगळी फुले एकदम येत नाहीत. चवर आणि वायतुरा आधी येऊन जातात. वायतुऱ्याच्या शास्त्रीय नावात साताऱ्याचे नाव आहे, हे आपल्याच मुलांना माहीत नसते. मग गुलाबी तेरडा, पांढरी बटणे पेरल्यासारखा गेंद, निळी-जांभळी सीतेची आसवे, आणि पुढे पिवळी सोनकी आणि मिकीमाऊस म्हणून ओळखला जाणारा कवला. टोपली कारवी सात वर्षांनी एकदा फुलते, त्यामुळे 'मागच्या वर्षी जांभळे होते, यंदा का नाही' ही तक्रार फुलांकडे करून उपयोग नाही.

एक गोष्ट मात्र गुडघे टेकून, पायवाटेवरूनच, जवळून बघण्यासारखी आहे. सीतेच्या आसवांचे फूल नखाएवढे. ते ज्या मातीत उभे असते ती माती जांभ्याच्या कातळावर बोट-दोन बोटे जाडीची असते, काही ठिकाणी तेवढीही नाही. पावसाने तिच्यातले नत्र धुऊन नेलेले असते. जगण्यापुरते अन्न मातीतून मिळत नाही म्हणून या रोपाने जमिनीतल्या आपल्या बारीक धाग्यांवर डोळ्याला जेमतेम दिसतील अशा पिशव्या धरल्या आहेत. पाण्यातला सूक्ष्म जीव पिशवीच्या तोंडाशी आला की ती त्याला पाण्यासकट आत ओढते. शेजारीच दवबिंदू नावाचे दुसरे रोप असते, त्याच्या पानांवरचे थेंब दवाचे नसून चिकट रसाचे असतात आणि बसलेली चिलटे तिथेच अडकतात. आता या बोटभर मातीवर एक बूट पडला की काय होते ते उघड आहे. माती दाबली जाते, तिच्यातले पाणी निसटते, पिशव्या चिरडतात, आणि उघड्या पडलेल्या कातळावर पुढच्या पावसाळ्यात काही उगवत नाही. फोटोसाठी फुलांत जाऊन बसणाऱ्यांना रागावण्यापेक्षा हे समजावून सांगितले तर लहान मुलेसुद्धा पायवाट सोडत नाहीत. ती उलट मोठ्यांना हटकतात.

पायात खाचांच्या तळव्याचे बूट हवेत. ओल्या जांभ्यावर शेवाळ धरते आणि गुळगुळीत चपलेने माणूस सरळ बसतो. छत्री वाऱ्याने उलटते, रेनकोट बरा. गाडीत एसी लावून आलात तर कॅमेऱ्याची किंवा मोबाइलची काच बाहेर काढताक्षणी धूसर होते, कारण थंड काचेवर बाहेरचे बाष्प बसते. पोहोचण्याच्या दहा मिनिटे आधी एसी बंद करून काचा खाली कराव्यात. धूसर झालीच तर पुसत बसू नये, पाच मिनिटांत आपोआप निवळते.

घाटाबद्दल थोडे कडक बोलावे लागेल. उतरताना ब्रेकवर पाय ठेवून गाडी सोडणारे दर रविवारी दिसतात, आणि वळणावर जळका वास येतो तो त्यांच्याच ब्रेकचा. सतत दाबलेला ब्रेक तापतो, लायनर पकड सोडू लागतात, ब्रेक ऑइल उकळले की पेडल एकदम मऊ लागते आणि गाडी थांबत नाही. ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरावा, हा जुन्या चालकांचा नियम आजच्या गाड्यांनाही लागू आहे. दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनच गाडीला धरून ठेवते, ब्रेक वळणापुरता लागतो. ऑटोमॅटिक गाडीत खालच्या गिअरची सोय असते, ती कुठे आहे हे घाटात नव्हे, घरी उभ्या गाडीत शोधून ठेवावे. पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करून उतरणे तर जिवावरचे आहे. इंजिन बंद झाले की दोन-तीन वेळा दाबेपर्यंत ब्रेकची मदत संपते आणि स्टिअरिंग जड होते. ब्रेकचा वास आलाच तर गाडी रुंद जागी बाजूला घेऊन पंधरा-वीस मिनिटे उभी ठेवावी, चाकावर पाणी ओतू नये. धुक्यात दिवा खालीच ठेवावा. वरचा दिवा लावला की धुक्याची पांढरी भिंत समोर उभी राहते. चारही इंडिकेटर लावून चालवणाऱ्याला कुठे वळायचे आहे हे मागच्याला कळत नाही, ते फक्त उभ्या गाडीला लावावेत. आणि चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यावी.

गाडी लागणाऱ्यांचे हाल टाळता येतात. कान सांगतो की शरीर हलते आहे आणि मोबाइलवर खिळलेला डोळा सांगतो की सगळे स्थिर आहे, या भांडणात पोट ढवळते. म्हणून अशा माणसाला पुढे बसवावे, नजर लांबच्या वळणावर ठेवायला सांगावे, काच थोडी उघडी ठेवावी. रिकाम्या पोटी आणि तट्ट भरल्या पोटी, दोन्हीही वाईट. निघताना अर्धी भाकरी किंवा दोन बिस्किटे पुरतात. डॉक्टरांना विचारून गोळी घ्यायची असेल तर निघण्याच्या अर्धा-एक तास आधी घ्यावी. उलटी सुरू झाल्यावर घेतलेली गोळी उलटीबरोबरच जाते. गोळीने झोप येते, म्हणून गाडी चालवणाऱ्याने ती घेऊ नये.

कासची नोंदणी मिळाली नाही तर हळहळण्याचे कारण नाही. लिंबजवळच्या शेरीतली बारा मोटेची विहीर साताऱ्याच्या उत्तरेला, महामार्गापासून आत थोड्याच अंतरावर आहे. 1719 ते 1724 या काळात वीरूबाई भोसले यांनी ती बांधून घेतली. खोली सुमारे 110 फूट, व्यास 50 फूट, आकार अष्टकोनी. पंधरा मोटा बसवण्याची सोय आणि त्यातल्या बारा एका वेळी चालत, म्हणून हे नाव. बहुतेक लोक वरून डोकावून फोटो काढतात आणि निघतात. खाली उतरून विहिरीच्या पोटातल्या महालात पाच मिनिटे नुसते उभे राहावे; बाहेरच्या उन्हातून आल्यावर तिथला गारवा अंगाला लागतो. पायऱ्या पावसात निसरड्या असतात, वयस्कर माणसाला भिंतीच्या बाजूने उतरवावे. ऊन डोक्यावर येत असताना प्रकाश विहिरीत खोलवर जातो, म्हणून इथे मात्र सकाळी लवकर जाण्याची गरज नाही. अकराच्या पुढे जावे.

रहिमतपूरमार्गे औंधही असेच. तिथले श्री भवानी वस्तुसंग्रहालय 1938 चे, औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी उभे केलेले. सूर्यनमस्काराचा प्रसार करणारे हे राजे. राजा रविवर्मा यांची चित्रे आणि हेन्री मूर यांचे 'माता आणि मूल' हे शिल्प आपल्या जिल्ह्यातल्या एका टेकडीवर आहे, हे सांगितले तर पाहुण्यांना खरे वाटत नाही. संग्रहालयाचा सुट्टीचा वार निघण्यापूर्वी विचारून घ्यावा. आणि सगळी दालने एका दमात उरकू नयेत. दीड तास झाला की डोळे नुसते सरकत राहतात. दोन दालने निवडावीत, मग वर यमाईला जावे.

सज्जनगड आणि ठोसेघर एकाच बाजूला असल्याने एका फेरीत उरकण्याची पद्धत पडली आहे. जमते, पण क्रम चुकतो. लोक आधी ठोसेघरला जातात आणि दुपारच्या उन्हात, दमलेल्या पायांनी गडाच्या पायऱ्या चढतात. सकाळी पाय ताजे असताना गड करावा, समर्थांच्या समाधीचे दर्शन घ्यावे, मग धबधबा. तिथे कठड्याच्या अलीकडूनच बघावे. वर पाऊस झाला की खाली ऊन असतानाही पाणी अचानक वाढते. वासोटा किल्ल्याचा विषय या दिवसांत काढूच नये. पावसाळ्यात तो बंद असतो, आणि उघडल्यावरही बामणोलीहून लाँच, वनखात्याची परवानगी, जंगलातली चढण असा तो पुरा दिवस खातो. त्याची सुट्टी वेगळी काढावी.

आता डबा. रस्त्यावरचे मक्याचे कणीस आणि भजी खावीत, त्याला कोणाची ना नाही. पण पोटाला आधार घरचाच हवा. गुळाच्या दशम्या यासाठीच आहेत. पाऊण वाटी चिरलेला गूळ पाऊण वाटी कोमट दुधात विरघळवावा. दूध उकळते घेतले तर गुळाने फाटते, म्हणून कोमटच. गूळ गाळून घ्यावा, त्यात कचरा असतो. त्यात दोन वाट्या कणीक, एक वाटी ज्वारीचे पीठ, दोन चमचे तेल, चिमूटभर मीठ घालून घट्ट मळावे आणि वीस मिनिटे झाकून ठेवावे. पीठ सैल झाले तर दशमी तव्याला चिकटते, कारण गूळ तापल्यावर आणखी पाणी सोडतो. जाडसर लाटून मंद आचेवर भाजावी. आच मोठी ठेवली तर बाहेरून गूळ करपतो आणि आत पीठ कच्चे राहते. भाजलेल्या दशम्या सुटसुटीत पसरून पूर्ण निवू द्याव्यात, मगच फडक्यात बांधाव्यात. घाईने गरम बांधल्या की वाफेचे पाणी सुटून दुसऱ्या दिवशी बुरा येतो. सोबत शेंगदाण्याची चटणी, एक कांदा. बाटलीत पाणी घरचेच, आणि रिकामे कागद-पिशव्या घरी परत.

साडेअकरा-बाराला घरी आलात, जेवलात, तासभर आडवे झालात. तिसऱ्या प्रहरी काय? इथे बहुतेकांची सुट्टी फसते. माळ्यावरचा कॅरम काढला जातो, पुसला जातो, आणि सोंगटी अर्ध्यातच थांबते. 'बोर्ड खराब झाला' म्हणून तो पुन्हा माळ्यावर जातो. बोर्ड खराब झालेला नसतो, त्याला दमट हवा लागलेली असते.

कॅरमचे माप एकदा नीट समजून घ्यावे. खेळाची जागा साधारण 74 सेंटिमीटर चौरस, प्लायवुड निदान 8 मिलिमीटरचे. स्वस्त बोर्ड याहून पातळ असतात आणि दोन पावसाळ्यांत बाक धरतात. सोंगट्या 9 पांढऱ्या, 9 काळ्या, एक लाल राणी. प्रत्येकीचे वजन पाच-साडेपाच ग्रॅम. स्ट्रायकर जास्तीत जास्त 15 ग्रॅमचा. मुलांच्या हातात जड स्ट्रायकर दिला तर सोंगट्या उडतात आणि कडा फुटतात. बोर्ड चांगला की वाईट हे ठरवायची नियमातलीच कसोटी आहे: चांगल्या खेळाडूने पूर्ण जोर लावून मारलेला स्ट्रायकर समोरासमोर साडेतीन फेऱ्या गेला पाहिजे. पावसाळ्यात तो दोनवर थांबतो. तिथून उपाय सुरू करावा.

पाहुणे येण्याच्या आदल्या दिवशी बोर्ड खाली काढावा. ओल्या फडक्याने पुसू नये, ही सगळ्यांत मोठी चूक. जुनी पावडर दमट हवेत गोळा होऊन लाकडाच्या रेषांत बसलेली असते. पाणी लागले की तिचा लगदा होतो आणि प्लायवुड फुगते. कोरड्या सुती कपड्याने, लाकडाच्या रेषांच्या दिशेने, चारही कडांपर्यंत पुसून काढावे. कोपऱ्यांतली पावडर जुन्या दात घासायच्या ब्रशने. मग बोर्डावर हातभर उंचीवर 60 वॉटचा पिवळा बल्ब टांगून अर्धा तास लावून ठेवावा. उन्हात ठेवू नये. एकच बाजू तापून बाक येतो. एलईडी दिव्याने उजेड पडतो पण ऊब मिळत नाही, म्हणून जुना बल्ब जपून ठेवावा. सोंगट्यांनाही पुसावे, कारण मळ बोर्डापेक्षा त्यांच्या कडांवर जास्त असतो. सगळे कोरडे झाल्यावर चिमूटभर बोरिक पावडर मलमलीच्या पुरचुंडीतून टिपत टाकावी आणि हाताने नव्हे, कपड्याने पसरावी. हाताला घाम असतो. मूठभर टाकली तर सोंगटी तरंगते, नेम चुकतो. अंगाला लावायची पावडर अजिबात नको, ती चिकट थर धरते. बोरिक पोटात जाणे वाईट, तेव्हा खेळून झाल्यावर मुलांचे हात साबणाने धुतल्याशिवाय त्यांना खाऊ देऊ नये.

बोर्ड ठेवायचा कशावर, हेही महत्त्वाचे. पाण्याच्या पिंपावर ठेवला की मधोमध आधार आणि चारही कोपरे अधांतरी. कोपर टेकताच बोर्ड डुलतो. चारही बाजूंनी आधार मिळेल असे टेबल किंवा बाकडे हवे, उंची कमरेपेक्षा जरा कमी. समतल आहे का ते बघायला मधोमध एक गोटी ठेवावी. जिकडे घरंगळते त्याच्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी. खेळ संपल्यावर बोर्ड भिंतीला तिरका टेकवून ठेवू नये. बाहेरच्या भिंतीला तर नाहीच, ती पावसाने ओली असते आणि मागची बाजू ओल पिते. आतल्या भिंतीवर खिळ्याला सरळ टांगावा किंवा पलंगाखाली सपाट ठेवावा, वर जुनी चादर.

नियमांवरून भांडण होऊ नये म्हणून आधी ठरवून घ्यावे. समोरच्याच्या बोर्डावर उरतील तितक्या सोंगट्यांचे गुण, राणीचे 3, डाव 25 चा. मात्र एखाद्याचे 22 गुण झाले की त्याला राणीचे गुण मिळत नाहीत. हा नियम घरात सहसा पाळला जात नाही, आणि त्यानेच मागे पडलेल्याला डावात परत येण्याची संधी मिळते. राणी घेतल्यावर लगेच आपली सोंगटी गेली पाहिजे, नाहीतर राणी मध्ये परत. स्ट्रायकर दोन्ही रेषांना लागून असावा. टोकाच्या लाल वर्तुळावर ठेवायचा असेल तर ते पूर्ण झाकावे, नाहीतर त्याला अजिबात शिवू नये. नवख्या माणसाला एकच सांगावे: जोर नको, मनगट स्थिर ठेव. घरातली आजी पातळ कट मारते तो याच गुणावर.

कॅरमला चौघे लागतात. बाकीच्यांसाठी पत्ते. तिघे असतील तर पाच-तीन-दोन: आठ्यापासून एक्क्यापर्यंत चारही रंगांची 28 पाने आणि बदाम, इस्पिक यांच्या दोन सत्त्या, म्हणजे 30 पाने, प्रत्येकाला दहा. चौघे असतील तर मेंढीकोट, समोरासमोरचे भिडू, तेरा-तेरा पाने. दश्श्या चार, तीन घेईल तो जिंकतो, दोन-दोन झाल्या तर सात हात करणारा जिंकतो, चारही घेतल्या तर कोट. यातली चुकीची सवय म्हणजे दश्शी लवकर खेळून मोकळे होणे. त्या रंगाचे एक्का-राजा-राणी-गुलाम पडून गेले का, हे मोजल्याशिवाय दश्शी सोडू नये. मुलांना पानांची मोजदाद शिकवायला याहून चांगला खेळ नाही. दहा-बारा जण असतील आणि वये पाच ते पंच्याहत्तर असतील तर दोन कॅट घेऊन झब्बू. हसण्याचा आवाज शेजारी जातो, त्यांनाही बोलवावे.

चार वाजता कुकर लावावा. सप्टेंबरात बाजारात ओल्या शेंगा येतात. एक किलो शेंगा तीन-चार पाण्यांनी चोळून धुवाव्यात. माती राहिली तर खाताना दातांखाली कचकच येते. पाच लिटरच्या कुकरात शेंगा बुडतील इतके पाणी, तीन मोठे चमचे मीठ, चिमूटभर हळद. शेंगा तरंगतात, म्हणून वर एक ताटली पालथी घालावी. तीन-चार शिट्ट्या, आणि मग गॅस बंद करून अर्धा-पाऊण तास झाकण उघडू नये. मीठ दाण्यात शिरते ते शिजताना कमी आणि त्याच पाण्यात निवताना जास्त. लगेच उपसल्या की टरफल खारट आणि दाणा अळणी. शेंगा त्याच दिवशी संपवाव्यात, उरल्या तर निथळून फ्रिजमध्ये. आणि शेंगा खाताना कॅरम थांबवावा, त्याच हातांनी स्ट्रायकर धरला की दुपारची सगळी मेहनत पाण्यात.

मोबाइल सक्तीने काढून घेऊ नयेत, त्याने खेळाआधीच वातावरण बिघडते. सकाळचे फोटो सगळ्यांनी मिळून बघण्याची एक वेळ ठरवावी, रात्री जेवणानंतर. फुलांची नावे तेव्हा लिहून ठेवावीत. दुसऱ्या दिवशी गेंद कोणता आणि सोनकी कोणती हे विसरलेले असते.

संपादक महोदय, आपल्याकडे एक मागणी आहे. सुट्ट्यांच्या काळात वृत्तपत्रांत फुललेल्या पठाराची मोठी छायाचित्रे येतात. ती सुंदर असतात, पण ती पाहून सगळे एकाच रविवारी निघतात. त्या छायाचित्राखाली दर शुक्रवारी एक छोटी चौकट द्यावी. कासला या आठवड्यात कोणती फुले आहेत आणि बहर किती आहे, शनिवार-रविवारच्या नोंदणीत किती जागा शिल्लक आहेत, यवतेश्वर आणि ठोसेघर घाटांत रस्त्याचे काम किंवा दरड आहे का, ठोसेघरचा परिसर उघडा आहे का, औंधचे संग्रहालय कोणत्या दिवशी बंद आहे, एवढीच माहिती. आठ ओळींत बसते. ती दिवसाआड बदलते, म्हणून छापण्यापूर्वी त्या त्या ठिकाणी फोन करून पडताळावी लागेल. आणि जागा उरलीच, तर त्याच चौकटीत त्या दिवशीचा सातारच्या बाजारातला ओल्या शेंगांचा भावही द्यावा.

आपला,
एक नियमित वाचक
सातारा